पेशीच्या खिडकीतला उजेड

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

बोटात बाभळीचा काटा मोडला, तर थोड्या वेळात ती जागा लाल होते, ठणकू लागते, सुजते. आपण म्हणतो, काटा सलतोय. प्रत्यक्षात तिथल्या पेशींनी एक निर्णय घेतलेला असतो. धोक्याचा निरोप पोचताच त्यांनी आपल्याजवळच्या हजारो जनुकांमधून नेमकी काही जनुकं निवडलेली असतात आणि त्यांच्याबरहुकूम प्रथिनं बनवायला घेतलेली असतात. हा निर्णय कोण घेतं, ते जीवशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात सापडतं. पण तो घेतला जात असताना माणसाला दिसला कसा, ही हकिकत पुस्तकात सहसा नसते. अनेक वर्षं महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवताना एक प्रश्न मला हमखास यायचा : "सर, हे आत असं घडतं, हे कळलं कशावरून?" श्रोतेहो, मला तो प्रश्न नेहमीच उत्तरापेक्षा मोलाचा वाटत आला आहे. आजचं भाषण त्या 'कशावरून'चं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएची तीच एक पोथी असते. यकृताच्या पेशीत जी पोथी, तीच कातडीच्या पेशीत. मग यकृत यकृतासारखं आणि कातडी कातडीसारखी का वागते? पोथी एकच असली, तरी उघडलेली पानं वेगळी असतात म्हणून. पानावरचा मजकूर उतरवून घेण्याच्या कामाला प्रतिलेखन म्हणतात. आणि कोणतं पान उघडायचं, कोणतं मिटायचं हे ठरवणाऱ्या प्रथिनांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर, म्हणजे प्रतिलेखन घटक. माणसात अशी सुमारे १६०० प्रथिनं आहेत. आजच्यापुरतं आपण त्यांना 'पान उघडणारी प्रथिनं' म्हणू.

अशी काही यंत्रणा असते, हे पहिल्यांदा ठामपणे मांडलं पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी, १९६१ साली. आतड्यातला एक जिवाणू दुधातली साखर समोर आली तरच ती पचवण्याची प्रथिनं बनवतो, एरवी नाही. एरवी त्या पानावर कुणीतरी बसलेलं असतं, साखर आली की ते उठतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९६५ साली त्यांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालं. पण पानावर बसणारं ते 'कुणीतरी' त्यांनी पाहिलेलं नव्हतं. ते तर्काने ओळखलेलं होतं.

नाव केंद्रकाचं, वस्ती बाहेर

पंचवीस वर्षांनी, १९८६ साली, अमेरिकेतल्या केंब्रिज गावी डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत रंजन सेन हे तरुण संशोधक काम करत होते. बाल्टिमोर तोवर नोबेल मिळवून बसलेले होते, १९७५ सालीच. सेन यांचा विषय होता प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशी. या पेशी प्रतिपिंडाच्या 'कॅपा' नावाच्या साखळीचं पान उघडतात. ते पान उघडणारं प्रथिन शोधायचं होतं.

पद्धत अशी : त्या पानालगतच्या डीएनएचा एक चिमुकला तुकडा घ्यायचा, त्याला किरणोत्सारी फॉस्फरसची खूण लावायची. भरपूर पेशी फोडून त्यांच्या केंद्रकातला अर्क काढायचा आणि तुकडा त्या अर्कात मिसळायचा. मग हे मिश्रण खरवसासारख्या थुलथुलीत थरातून विजेच्या ओढीने पळवायचं. मोकळा तुकडा झपाट्याने पुढे जातो. त्याला एखादं प्रथिन चिकटलं असेल, तर तो जड होऊन मागे रेंगाळतो. क्ष-किरणांच्या फिल्मवर मागे एक काळी पट्टी उमटते. ती पट्टी म्हणजे प्रथिनाची पावती.

सेन यांना पट्टी मिळाली. केंद्रकातलं, कॅपा साखळीचं, बी-पेशीतलं म्हणून प्रथिनाचं नाव ठेवलं एनएफ-कॅपा-बी. गंमत अशी की, या नावातला जवळपास प्रत्येक शब्द पुढे अपुरा ठरला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधात सेन आणि बाल्टिमोर यांनी दाखवलं की, ज्या पेशींत ते आढळत नाही, त्यांनाही योग्य चिथावणी दिली तर ते प्रकट होतं. नवीन प्रथिनं बनवण्याचं काम औषध घालून बंद पाडलं, तरीही प्रकट होतं! म्हणजे ते नव्याने बनत नव्हतं. आधीपासून कुठेतरी दडून बसलेलं होतं.

कुठे, ते १९८८ साली पॅट्रिक बॉयर्ले आणि बाल्टिमोर यांनी दाखवलं. ते केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात होतं आणि एका दुसऱ्या प्रथिनाने त्याला धरून ठेवलेलं होतं. या पहारेकऱ्याचं नाव आय-कॅपा-बी. शरीरात दाहाचा निरोप आला, उदाहरणार्थ टीएनएफ नावाचं निरोप्या प्रथिन येऊन पेशीच्या दारावर थडकलं, की आत पहारेकऱ्यावर नाशाची खूण मारली जाते, त्याची विल्हेवाट लागते आणि मोकळं झालेलं एनएफ-कॅपा-बी केंद्रकात शिरून पानं उघडू लागतं. आता यातली खरी खोच ऐका. ते जी पानं उघडतं त्यांत एक पान पहारेकऱ्याचंच असतं. म्हणजे सुटलेला कैदी आत जाऊन पहिल्या कामांतच आपल्यासाठी नवा पहारेकरी मागवतो.

हा केवळ बुद्धीचा खेळ नाही. संधिवातात हाच दाह शमत नाही, सांधे झिजत जातात. टीएनएफला वाटेतच अडवणारी औषधं १९९८ पासून वापरात आली आणि अनेक रुग्णांची बोटं पुन्हा वळू लागली. कर्करोगाच्या कित्येक प्रकारांतही हे प्रथिन विश्रांती न घेता काम करताना आढळतं. तेव्हा ते केव्हा आत जातं, किती वेळ थांबतं, केव्हा बाहेर येतं, याला जीवनमरणाचं महत्त्व आहे.

आणि इथेच ती काळी पट्टी तोकडी पडत होती. एका पट्टीसाठी लाखो पेशी फोडाव्या लागायच्या. जुन्या वाड्यात दहा बिऱ्हाडं असावीत आणि अंगणात विजेचा एकच सामाईक मीटर असावा, तशी ही गोष्ट. मीटर सांगतो की वाड्यात नेहमीच्या निम्मी वीज जळते आहे. पण दहाही खोल्यांत मिणमिणते दिवे आहेत, की पाच खोल्यांत लख्ख उजेड आणि पाच खोल्यांत काळोख, हे मीटरवरून कधीच कळणार नाही. त्यासाठी अंगणात उभं राहून खिडक्यांकडे पाहायला हवं.

रंगाची खूण

खिडकीत पाहायची विद्या वेगळ्या वाटेने येत होती. काही पदार्थांवर एका रंगाचा प्रकाश टाकला, की ते दुसऱ्या रंगाने उजळतात. क्विनाइनच्या द्रावणावर अतिनील किरण पडले की निळी झाक दिसते. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ साली याचा अभ्यास करून त्याला फ्लुओरेसन्स हे नाव दिलं. मराठीत प्रतिदीप्ती म्हणतात. टाकलेला निळा प्रकाश चाळणीने अडवला आणि उमटलेला हिरवा तेवढा डोळ्यापर्यंत येऊ दिला, तर काळ्याभोर पार्श्वभूमीवर फक्त तोच पदार्थ चमकतो. या तंत्राची सगळी ताकद त्या काळोखात आहे.

हार्वर्डचे डॉक्टर अल्बर्ट कून्स यांनी १९४१ साली हा चमकणारा रंग प्रतिपिंडाला जोडून दाखवला. प्रतिपिंड शरीरातलं नेमकं एकच लक्ष्य ओळखून त्याला चिकटतं. त्याच्या शेपटाला रंग बांधला, की लक्ष्य कुठे आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. कून्स यांना मुळात संधिवाती तापाचं कोडं सोडवायचं होतं. हाती लागलं ते पुढच्या सगळ्या पेशीविज्ञानाचं एक मुख्य हत्यार.

एनएफ-कॅपा-बीसाठी ते असं वापरतात. पेशींना निरोप द्यायचा, पंधरा मिनिटं, तीस मिनिटं असं थांबायचं आणि फॉर्मालिनने त्यांना जागच्या जागी गोठवून टाकायचं. मग रंगीत प्रतिपिंड घालायचं. डीएनएला चिकटणाऱ्या निळ्या रंगाने केंद्रकाची हद्द आखून घ्यायची. आता केंद्रकातला उजेड मोजायचा, बाहेरचा मोजायचा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. भागाकार एकाहून कमी, म्हणजे प्रथिन बाहेर. एकाहून बराच जास्त, म्हणजे आत. इतकं साधं गणित आहे. १९९८ साली पिट्सबर्गमधल्या एका कंपनीच्या शास्त्रज्ञांनी हे मोजमाप यंत्राकडे सोपवलं. यंत्र स्वतः ताटल्या सरकवतं, केंद्रकं ओळखतं, भागाकार करतं आणि हजारो पेशींचे आकडे मांडून देतं. औषधकंपन्यांच्या चाळणी-चाचण्यांत ही पद्धत रुळली.

मी अशा काचपट्ट्या अंधाऱ्या खोलीत बसून पाहिलेल्या आहेत. निरोपापूर्वीच्या पेशी मधे काळं भोक असलेल्या हिरव्या कड्यासारख्या दिसतात. अर्ध्या तासानंतरच्या पट्टीत तेच भोक हिरवंगार झालेलं असतं. पाहणाऱ्याला वाटतं, आता सारं उमगलं. पण त्या पेशी मेलेल्या असतात. तीस मिनिटांची पट्टी एका पेशीची असते, साठ मिनिटांची दुसऱ्याच पेशीची. लग्नाच्या अल्बममधल्या फोटोंवरून लग्नघर कळतं, पण धावपळ कळत नाही. धावपळ कळायला जिवंत पेशीचा चित्रपट हवा होता, आणि त्यासाठी पेशीने स्वतःच रंग तयार करायला हवा होता.

साडेआठ लाख जेलीफिश

तो रंग समुद्रातून आला. ओसामु शिमोमुरा हे जपानी रसायनशास्त्रज्ञ. १९४५ च्या ऑगस्टमध्ये ते १६ वर्षांचे होते आणि नागासाकीजवळच्या इसाहाया भागात राहत होते. बाँबच्या लखलखाटाने काही क्षण त्यांचे डोळे दिपून गेले होते. पुढे ते अमेरिकेत प्रिन्स्टनला फ्रँक जॉन्सन यांच्याकडे आले आणि १९६१ च्या उन्हाळ्यात दोघे वॉशिंग्टन राज्यातल्या फ्रायडे हार्बरला जेलीफिश पकडायला गेले. जेलीफिशची कड चमकते ती कशामुळे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. चमकणारा पदार्थ काही केल्या शाबूत हाती येईना. एकदा निरुपयोगी ठरवलेला अर्क शिमोमुरा यांनी मोरीत ओतला आणि मोरी एकदम निळी उजळली. मोरीत समुद्राचं पाणी येत होतं; त्यातल्या कॅल्शियमने दिवा लावला होता. कॅल्शियमला आवर घालून मग त्यांनी चमकणारं प्रथिन वेगळं केलं. त्याच्याबरोबर, अगदी थोड्या प्रमाणात, आणखी एक प्रथिन मिळालं. त्याच्यावर निळा प्रकाश पडला की ते हिरवं चमकत असे. १९६२ च्या निबंधात त्याचा उल्लेख जाता जाता आला. हेच ते जीएफपी, हिरवं प्रतिदीप्त प्रथिन. शिमोमुरा यांनी पुढच्या वर्षांत मिळून सुमारे साडेआठ लाख जेलीफिश गोळा केले. जाळी घेऊन घरची मंडळीही धक्क्यावर असत.

या प्रथिनाचं जनुक १९९२ साली वेगळं केलं डग्लस प्राशर यांनी, मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होल इथे. त्यांना पुढच्या कामासाठी अनुदान मिळालं नाही. त्यांनी ते जनुक मागणाऱ्यांना देऊन टाकलं. त्यांपैकी एक होते कोलंबिया विद्यापीठाचे मार्टिन चाल्फी. १९९४ साली चाल्फी यांनी दाखवलं की, हे जनुक जिवाणूत किंवा एका सूत्रकृमीत घातलं, तर तिथेही हिरवा उजेड पडतो, जेलीफिशमधलं दुसरं काहीही सोबत न्यावं लागत नाही. दुसरे होते सॅन दिएगोचे रॉजर त्सिएन. त्यांनी त्या प्रथिनात बदल करून उजेड वाढवला आणि निळसर, पिवळा असे नवे रंग घडवले. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळालं. नोबेल तिघांपेक्षा जास्त जणांना देत नाहीत. प्राशर त्या वेळी अलाबामात मोटारींच्या एका विक्रेत्याकडे गिऱ्हाइकांची ने-आण करणारी गाडी चालवत होते. चाल्फी आणि त्सिएन यांनी त्यांना स्वखर्चाने स्टॉकहोमच्या समारंभाला नेलं आणि पुढे काही वर्षं प्राशर यांनी त्सिएन यांच्याच प्रयोगशाळेत काम केलं. विज्ञानात देणाऱ्याचा हात किती महत्त्वाचा असतो, हे मला या एका हकिकतीइतकं दुसऱ्या कशात दिसलेलं नाही.

आता पान उघडणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाला जीएफपीचं जनुक जोडा, आणि पेशी स्वतःच कंदील बांधलेलं प्रथिन बनवू लागेल. ते जिथे जाईल तिथे कंदील जाईल. १९९६ साली स्टेरॉइडचा निरोप घेणाऱ्या ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरवर हा प्रयोग झाला. हाही एक पान उघडणारा आहे. स्टेरॉइड नसताना तो पेशीद्रवात असतो. डेक्सामेथासोन घातलं, की काही मिनिटांत हिरवा उजेड बाहेरून आत सरकताना दिसला. हेच डेक्सामेथासोन २०२० साली कोविडच्या अत्यवस्थ रुग्णांना वाचवताना आपण सर्वांनी ऐकलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत त्याने मृत्यूचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचं ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत आढळलं. ते औषध पेशीत शिरून करतं काय, तर अशी काही पानं मिटवतं आणि काही उघडतं.

आरतीच्या टाळ्या

२००४ हे या इतिहासातलं मोठं वर्ष. त्या वर्षी दोन प्रयोगशाळांनी दोन वेगळ्या प्रथिनांबद्दल जवळपास एकच धडा दिला.

पहिलं प्रथिन पी-५३. पेशीच्या डीएनएला इजा झाली, की हे जागं होतं आणि दुरुस्ती होईपर्यंत पेशीचं विभाजन रोखून धरतं. माणसाच्या निम्म्याच्या आसपास कर्करोगांत या प्रथिनाच्या जनुकात बिघाड सापडतो. पेशी फोडून पट्ट्या पाहिल्या, तर इजेनंतर पी-५३ वाढतं, कमी होतं, पुन्हा थोडं वाढतं आणि लाट हळूहळू विरते, असं दिसायचं. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत गलित लाहाव, उरी अलोन आणि सहकाऱ्यांनी पी-५३ ला रंगीत कंदील बांधला आणि स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर गॅमा किरण सोडून एकेक पेशी तासन्‌तास पाहिली. लाट विरत नव्हतीच! प्रत्येक पेशी ठरावीक उंचीचे ठोके देत होती. कुणी एक देई, कुणी दोन, कुणी जास्त, कुणी एकही नाही. किरणांची मात्रा वाढवली तर ठोक्यांची उंची वाढत नव्हती, संख्या वाढत होती.

मग पट्टीवर लाट विरताना का दिसायची? आरतीच्या टाळ्या आठवा. सुरुवातीला सगळे एका ठेक्यात असतात. समजा, नंतर जो तो आपापल्या लयीत वाजवू लागला. प्रत्येकाच्या टाळीचा जोर तोच आहे. पण देवळाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला ठेका ऐकू येईनासा होतो, नुसती गजबज येते. तो म्हणेल, टाळ्या मंदावल्या. सरासरी आकडा खोटा नव्हता. पण त्या आकड्यासारखी वागणारी पेशी ताटलीत क्वचितच असेल.

दुसरं प्रथिन म्हणजे आपलं एनएफ-कॅपा-बी. लिव्हरपूल विद्यापीठात मायकेल व्हाइट, डेव्हिड नेल्सन आणि सहकाऱ्यांनी त्याला लाल कंदील बांधला, पहारेकऱ्याला हिरवा, आणि टीएनएफ घालून चित्रण सुरू केलं. लाल उजेड आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला, पुन्हा बाहेर. सुमारे १०० मिनिटांचा एक झोका. पहारेकऱ्याचं पान उघडणारा कैदी अशाच येरझाऱ्या घालणार, हे त्याच्या दोन वर्षं आधी अलेक्झांडर हॉफमन, बाल्टिमोर आणि सहकाऱ्यांनी संगणकी गणिताने मांडलं होतं. आता ते डोळ्यांना दिसत होतं.

इथे टाळ्या वाजवून थांबणं सोपं होतं. पण पुढच्याच वर्षी, २००५ साली, आक्षेप आला, आणि तोही गणित मांडणाऱ्या गटाकडूनच. तुम्ही पेशीत कंदीलवालं प्रथिन बाहेरून भरलं आहे, म्हणजे ते नैसर्गिक प्रमाणापेक्षा जास्त झालं आहे. मग हे इतके टिकाऊ झोके पेशीचे, की तुम्ही केलेल्या ढवळाढवळीचे? आक्षेप रास्त होता. कंदील बांधल्याने चालणाऱ्याची चाल बदलत नाही कशावरून? शिवाय पेशीवर सतत प्रकाश टाकला, तर तिला इजा होते. आणि इजेला जागी होणारी प्रथिनंच तर आपण मोजत असतो.

याचं उत्तर वादात मिळालं नाही, नव्या प्रयोगांत मिळालं. २००९ साली अशा उंदरांच्या पेशी हाती आल्या की, ज्यांच्यात मूळ जनुकाच्या जागीच हिरवा कंदील जोडलेला होता. त्यामुळे जादा प्रथिनाचा प्रश्न उरला नाही. त्यांतही झोके दिसले; मात्र सगळ्या पेशींत सारखे नाहीत. पुढच्या वर्षी, २०१० साली, कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डमध्ये सावाश ताय, स्टीफन क्वेक, मार्कुस कोव्हर्ट आदींनी केसासारख्या बारीक नळ्यांच्या चिपमध्ये उंदराच्या हजारो पेशी वाढवल्या आणि टीएनएफची मात्रा अतिशय काटेकोरपणे कमी-कमी करत नेली. वाड्याच्या मीटरचं कोडं तिथे सुटलं. मात्रा घटली की सगळे दिवे मंद होत नव्हते. पेटणाऱ्या खिडक्यांची संख्या घटत होती. ज्या पेशीने निरोप ऐकला, ती कामाला लागत होती. ज्या पेशीने ऐकला नाही, ती स्वस्थ बसत होती. अर्थात मात्रा कमी असली, तर उशिरा उघडायची पानं बंदच राहत. म्हणजे पेटायचं की नाही हे आधी ठरत होतं, आणि पेटल्यावर किती काम करायचं हे मात्रेवर अवलंबून होतं.

झोक्यांना अर्थ असतो का, याचंही एक उत्तर लाहाव यांच्याच गटाने २०१२ साली हार्वर्डमधून दिलं. त्यांनी औषधाची मात्रा वेळापत्रकाप्रमाणे देऊन पी-५३ चे तुटक ठोके एका सलग उंच रेषेत बदलले. ठोके देणाऱ्या पेशी बऱ्याच अंशी सावरून पुन्हा विभाजनाला लागत. सलग रेषेतल्या पेशी कायमच्या विभाजन थांबवून म्हाताऱ्या होत. प्रथिन तेच होतं. फक्त त्याची लय बदलली आणि पेशीचं नशीब बदललं. पेशी फोडून काढलेल्या एकट्या पट्टीवर हा फरक कधीच दिसला नसता.

हळदीचा हिरवा उजेड

आता शेवटी आपल्या स्वयंपाकघरात येऊ. हळदीचा आणि एनएफ-कॅपा-बीचा संबंध अनेकांनी औषधांच्या जाहिरातींत वाचला असेल. हळदीतलं कुर्क्युमिन हे या प्रथिनाला अडवतं, असा निबंध १९९५ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या एका प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झाला आणि कुर्क्युमिनवर निबंधांचा पाऊस पडला. त्याच वर्षी जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं होतं. ते आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली, लढून १९९७ साली रद्द करून घेतलं. तो लढा योग्यच होता; आपल्या आज्यांना ठाऊक असलेली गोष्ट कुणाच्या मालकीची होऊ नये. पण पेटंट रद्द होणं वेगळं आणि हळदीतला पदार्थ कर्करोग बरा करतो हे सिद्ध होणं वेगळं. या दोन गोष्टींची आपल्याकडे सर्रास गल्लत होते.

ह्यूस्टनच्या त्या गटाचे अनेक निबंध पुढे नियतकालिकांनी मागे घेतले. पण त्याहून बोधप्रद मुद्दा रसायनाचा आहे. कुर्क्युमिन स्वतःच प्रतिदीप्त आहे! निळ्या-जांभळ्या प्रकाशात ते हिरवट पिवळं चमकतं. म्हणजे हिरव्या उजेडावरून मोजमाप करणाऱ्या प्रयोगात हळद घातली, तर दिसणारा उजेड कंदिलाचा की हळदीचा, हा प्रश्न आलाच. शिवाय ते पाण्यात टिकत नाही, वाटेल त्या प्रथिनाला चिकटतं. २०१७ साली औषधरसायनशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी कुर्क्युमिनचा मोठा आढावा घेतला. चाचणीच्या तंत्रालाच चकवणारा पदार्थ म्हणून त्यांनी त्याकडे बोट दाखवलं. आणि रुग्णांवरची एकही काटेकोर, दोन्ही बाजूंनी गुप्त ठेवलेली चाचणी यशस्वी ठरलेली नाही, असं नमूद केलं. यामुळे आमटीतली हळद वाईट ठरत नाही. पण महागड्या गोळीच्या वेष्टनावर 'प्रयोगशाळेत सिद्ध' असं लिहिलेलं असेल, आणि घरातला रुग्ण त्या भरवशावर चालू उपचार सोडायला निघाला असेल, तर हा इतिहास माहीत असणं उपयोगाचं आहे.

चकव्यावर तोडगाही तितकाच घरगुती आहे. एक ताटली अशी ठेवायची की जिच्यात कंदील नाही, फक्त हळद आहे. ती चमकली, तर तेवढा उजेड हिशेबातून वजा करायचा, किंवा हळद जिथे चमकत नाही असा लाल कंदील निवडायचा. चांगल्या प्रयोगशाळेत अशी ताटली असतेच. निबंध वाचताना मी आधी तीच शोधतो.

तेव्हा श्रोतेहो, अमुक पदार्थ पेशींत तमुक जनुक जागं करतो, अशी बातमी उद्याच्या वर्तमानपत्रात वाचाल, तेव्हा तीन प्रश्न मनाशी विचारून पाहा. मोजमाप लाखो पेशी एकत्र फोडून केलं, की एकेक पेशी पाहून? फोटो काढला, की चित्रपट? आणि जो उजेड दिसला, तो नक्की कुणाचा होता? बातमीत या तिन्हींची उत्तरं बहुधा नसतील. पण ती नाहीत, हे आपल्या लक्षात आलेलं बरं.